विसरण्याचा हिशेब मांडणारा माणूस : हर्मन एबिंगहाऊस

दरवर्षी निकालानंतर एखादे तरी पालक शाळेत येतात आणि तीच तक्रार सांगतात. मुलगा रात्री धडा पाठ करतो, अम्मीला घडाघडा म्हणून दाखवतो आणि सकाळी विचारावे तर पाटी कोरी. गेल्या वर्षी असेच एक वडील माझ्यासमोर बसले होते. मुलगा आठवीत. ते तक्रार करायला नव्हे, शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले होते. पोराच्या डोक्यात काही टिकतच नाही, तेव्हा त्याला मामाच्या गॅरेजमध्ये घातलेला बरा, असे त्यांचे म्हणणे. मुलगा खाली मान घालून उभा होता. आपण मठ्ठ आहोत हे त्यालाही पटलेले दिसत होते, आणि मला खरे वाईट वाटले ते त्याचेच.

त्या दिवशी मी त्या वडिलांना एका जर्मन विद्वानाची गोष्ट सांगायला घेतली. पण घंटा झाली, तासाला जावे लागले आणि गोष्ट अर्धीच राहिली. ती या स्मरणिकेच्या निमित्ताने पुरी करतो. या विद्वानाला आमच्या बी.एड.च्या पुस्तकात जेमतेम अर्धे पान होते. परीक्षेसाठी मी ते पाठ केले, त्याच्यावर टीप लिहिली, गुण मिळवले आणि महिन्याभरात सारे विसरून गेलो. नोकरीला लागल्यावर, वर्गात साठ मुले समोर बसू लागल्यावर, मी त्याला पुन्हा शोधून वाचले.

हर्मन एबिंगहाऊसचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी प्रशियाच्या ऱ्हाईन प्रांतातील बार्मेन या गावी झाला. कापडाच्या धंद्यावर वाढलेले हे गाव आता वुपर्टाल शहराचा भाग आहे. वडील कार्ल हे सधन व्यापारी होते, त्यामुळे शिक्षणाला पैशाची अडचण नव्हती. सतराव्या वर्षी तो बॉनच्या विद्यापीठात दाखल झाला. गेला होता इतिहास आणि भाषाशास्त्र शिकायला, पण मन रमले तत्त्वज्ञानात. मध्येच १८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले आणि तो सैन्यात गेला. युद्धावरून परतल्यावर त्याने अभ्यास पुरा केला आणि १८७३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळवली.

एवढी मोठी पदवी मिळाली तरी पुढची काही वर्षे त्याला पक्की नोकरी नव्हती. तो बर्लिनला राहिला, मग इंग्लंड आणि फ्रान्समध्ये फिरला. शिकवण्या करायच्या, मिळेल तिथे शिकवायचे आणि उरलेल्या वेळात वाचायचे, असा त्याचा क्रम होता. याच भटकंतीत, पॅरिसमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला गुस्ताफ फेक्नरचे पुस्तक सापडले, असे सांगतात. फेक्नर हा लाइपझिगचा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. हातावर ठेवलेले वजन किती वाढवले म्हणजे माणसाला ते वाढल्याचे जाणवते, अशा प्रकारची मोजमापे त्याने १८६० साली प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात मांडली होती. माणसाच्या मनातली गोष्ट अंकात पकडता येते, हे एबिंगहाऊसला त्यात प्रथमच दिसले.

आज आपल्याला यात मोठेसे काही वाटणार नाही. पण त्या काळी मोठमोठे पंडितही असे मानत की डोळ्याला काय दिसते, कानाला काय ऐकू येते एवढेच फार तर प्रयोगाने तपासता येईल. स्मरण, विचार या मनाच्या वरच्या मजल्यावरच्या गोष्टी. तिथे प्रयोगाचा हात पोचणार नाही. १८७९ साली लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन करणाऱ्या विल्हेल्म वुंटचेही मत असेच होते. एबिंगहाऊसच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न घोळत होता. वजनाची जाणीव मोजता येते, तर आठवण का मोजता येऊ नये?

त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. पैसे देऊन प्रयोगाला बसवावीत अशी माणसे नव्हती. मग त्याने स्वतःलाच प्रयोगाला बसवले. परीक्षक तोच आणि परीक्षार्थीही तोच!

पहिली अडचण अशी होती की पाठ काय करायचे? कविता घ्यावी तर एक ओळ चालीमुळे लक्षात राहते, दुसरी अर्थामुळे, तिसरी एखाद्या जुन्या आठवणीमुळे. अशाने स्मरणशक्तीचे निखळ माप मिळणार नाही. म्हणून त्याने अर्थ नसलेले तुकडे बनवले. दोन व्यंजने आणि मध्ये एक स्वर. मराठीत सांगायचे तर झुप्, तेग्, रॉश् अशासारखे. असे सुमारे २३०० तुकडे त्याने तयार केले. ते सरमिसळ करून त्यातून हाताला येतील तसे उचलायचे, त्यांची एक यादी करायची आणि ती पाठ करायची. तुकडा आवडला, नावडला, निवड करायची नाही. दोन तुकड्यांतून काही अर्थ जुळत असला तरी तो जुळवून लक्षात ठेवायचा नाही.

वाचायचे तेही एका ठरावीक गतीने. मिनिटाला १५० ठोके पडतील अशी लय त्याने ठेवली होती आणि प्रत्येक ठोक्याला एक तुकडा. सुरुवातीला त्यासाठी गायनवादनाच्या रियाझात ताल धरायला वापरतात ते टकटक करणारे यंत्र होते, पुढे घड्याळाच्या टिकटिकीवर त्याने भागवले. संपूर्ण यादी न अडखळता म्हणता आली की पाठ झाली असे धरायचे आणि लागलेला वेळ लिहून ठेवायचा. प्रयोगाच्या काळात तो आपली दिनचर्या शक्य तितकी एकसारखी ठेवी. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात पाठांतराला सकाळपेक्षा जास्त वेळ लागतो, हेही त्याच्या ध्यानात आले. मग पुढच्या हिशेबात त्याने तेवढी वजावट केली. केवढा हा प्रामाणिकपणा! चुकीचा आकडा लिहिला असता तरी विचारणारे दुसरे कोणीच नव्हते.

हे काम त्याने १८७९-८० मध्ये केले. त्याच्या जोरावर १८८० साली बर्लिन विद्यापीठात त्याला व्याख्याता म्हणून शिकवण्याची परवानगी मिळाली. ज्यांनी त्याचे काम तपासले त्यांत हेल्महोल्ट्झसारखा थोर शास्त्रज्ञ होता. दुसरा कोणी असता तर लगेच पुस्तक छापून मोकळा झाला असता. एबिंगहाऊस थांबला. १८८३-८४ मध्ये त्याने सगळे प्रयोग पुन्हा केले, पहिल्या आकड्यांशी ताडून पाहिले, नवे काही जोडले आणि मगच १८८५ साली स्मरणशक्तीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुस्तक लहानसेच आहे. पण स्मरणाच्या अभ्यासाला तिथून सुरुवात झाली असे मानतात.

आता त्यात त्याला काय सापडले ते पाहू, कारण त्या वडिलांना मला नेमके हेच सांगायचे होते.

सात तुकड्यांची यादी त्याला एकदा वाचून म्हणता येई. पण बारा तुकडे झाले की सुमारे १७ वेळा वाचावे लागे, सोळा तुकड्यांना ३० वेळा, चोवीस तुकड्यांना ४४ वेळा आणि छत्तीस तुकड्यांना ५५ वेळा. सातावरून बारा म्हणजे दुप्पटसुद्धा नाही, पण मेहनत सतरा पट! विद्यार्थी मित्रहो, एका बैठकीत पूर्ण धडा घशाखाली उतरवू पाहणाऱ्यांनी हा आकडा जरा पुन्हा वाचावा.

यापुढचा प्रश्न त्याने असा घातला : पाठ झालेले किती वेळात विसरते? इथे त्याने एक फार चतुर युक्ती केली. यादी आठवते का, असे त्याने स्वतःला विचारलेच नाही. तीच यादी त्याने पुन्हा पाठ केली आणि या वेळी किती वेळ वाचला ते पाहिले. समजा पहिल्या वेळी पाठ व्हायला १००० सेकंद लागले आणि दुसऱ्या दिवशी तीच यादी ६६० सेकंदांत झाली, तर ३४० सेकंदांची, म्हणजे शेकडा ३४ ची बचत झाली. वरून पाहता सगळे पुसले गेल्यासारखे वाटले, तरी आत काहीतरी शिल्लक होते म्हणूनच तर वेळ वाचला.

या रीतीने त्याने तेरा-तेरा तुकड्यांच्या याद्या घेऊन मोजमाप केले. वीस मिनिटांनी शेकडा ५८ बचत उरली. तासाभराने ४४. नऊ तासांच्या सुमारास ३६. एका दिवसाने ३४. दोन दिवसांनी २८. सहा दिवसांनी २५. आणि एकतीस दिवसांनी २१. हे आकडे कागदावर मांडून त्यांतून रेघ ओढली तर ती आधी डोंगराच्या कड्यासारखी सरळ खाली येते आणि मग पठारावर आल्यासारखी आडवी पसरते. पुस्तकांत हिलाच विस्मरणाची वक्ररेषा म्हणतात.

पालक बंधुभगिनींनो, या आकड्यांकडे नीट बघा. डॉक्टरेट मिळवलेला, तिशीतला, सारा दिवस याच कामाला बसलेला माणूस तासाभरात निम्म्याहून अधिक बचत गमावत होता. विसरणे हा मंद मुलांचा रोग असता तर एबिंगहाऊसला प्राध्यापक कोणी केले नसते. सकाळी पाटी कोरी दिसते म्हणून पोराच्या डोक्यात काही टिकत नाही, हा निष्कर्ष चुकीचा. आणि शेवटचा आकडाही पाहा. महिना उलटला, मध्ये एकदाही उजळणी नाही, शब्दांना अर्थ नाही, तरी पाचव्या हिश्शाची बचत शिल्लक आहे.

पण मग उपाय काय? तोही त्याने मोजला. बारा तुकड्यांची यादी एकाच दिवशी ६८ वेळा घोकली तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाठ करायला जेवढी सोपी जाते, तेवढाच फायदा तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवर्तनांनी मिळाला. म्हणजे मेहनत जवळजवळ निम्मी आणि फळ तेच. फरक एवढाच की मध्ये रात्री गेल्या, मध्ये थोडे विसरणे झाले, आणि विसरलेले पुन्हा उचलावे लागले.

हिफ्झ करणाऱ्या मुलांच्या उस्तादांना हे जर्मन पुस्तकातून शिकण्याची गरज पडली नाही, हे इथे सांगितले पाहिजे. नवा सबक घेण्याआधी मागचे म्हणून दाखवायचे, आणि त्याच्याही मागचे पारे पाळीपाळीने फिरवत ठेवायचे, ही रीत मदरशांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्याच घरातला मुलगा शाळेचा इतिहास मात्र मार्च महिन्यात एका रात्रीत पाठ करायला बसतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

आणखी एक प्रयोग विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्यासारखा आहे. निरर्थक तुकड्यांशी तुलना करण्यासाठी एबिंगहाऊसने इंग्रज कवी बायरन याच्या ‘डॉन जुआन’ या काव्यातली कडवी पाठ केली. एका कडव्यात साधारण ८० अवयव. एवढे कडवे त्याला आठेक वाचनांत येई. तेवढेच निरर्थक तुकडे पाठ करायला त्याच्या अंदाजाने ७० ते ८० वाचने लागली असती. अर्थ, लय आणि भाषेची ओळख असली की काम दहाव्या हिश्शावर येते. जो मुलगा भूमितीचा सिद्धान्त न समजता पाठ करतो तो आपल्या हाताने त्याचे झुप्, तेग्, रॉश् करून टाकतो आणि दहापट हमाली ओढवून घेतो. अर्थात यात दोष नेहमी मुलाचाच असतो असे नाही. आम्ही शिक्षकही कधी कधी अर्थ सांगायचे सोडून उत्तर लिहून देतो. मी स्वतः नोकरीची पहिली दोन वर्षे तेच केले.

पुस्तक गाजले. १८८६ साली एबिंगहाऊसला बर्लिनला प्राध्यापकपद मिळाले आणि तिथे त्याने मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. ते पद पूर्ण प्राध्यापकाचे नव्हते, त्याच्या खालचे. १८९० साली त्याने आर्थर कोनिगच्या सोबतीने मानसशास्त्र आणि ज्ञानेंद्रियांचे शरीरशास्त्र या विषयांचे नियतकालिक सुरू केले आणि ते नावारूपाला आणले. मात्र त्याचा स्वतःचा लेखनाचा हात आखडता होता. खात्री झाल्याखेरीज छापायचे नाही, हा बाणा. त्याचा फटकाही त्याला बसला. १८९४ साली बर्लिनची मुख्य प्राध्यापकाची जागा त्याला न मिळता कार्ल श्टुम्फला मिळाली. थोडे लिहिले म्हणून संधी हुकली, असे बहुतेक चरित्रकार मानतात. माझ्या मते त्यात त्याचे काही बिघडले नाही, उलट जगाचा फायदाच झाला. कारण तो बर्लिन सोडून ब्रेस्लाउ या शहरी गेला. आज हे शहर पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्स्वाफ आहे.

ब्रेस्लाउला त्याच्यापुढे चक्क शाळेचा प्रश्न आला. सकाळपासून सलग पाच तास शाळा भरते, त्यामुळे मुले थकतात का आणि त्यांच्या बुद्धीवर परिणाम होतो का, हे शहराच्या शिक्षण खात्याला जाणून घ्यायचे होते. एबिंगहाऊसने मुलांना तीन प्रकारची कामे दिली. झटपट गणिते, ऐकलेले आकडे पुन्हा सांगणे आणि तिसरे त्याने नव्याने योजलेले. एका उताऱ्यातले काही शब्द, काही अक्षरे गाळायची आणि मुलांनी ती भरायची. आपल्याकडे म्हणायचे तर, शेतक— बैल घेऊन शे— गेला, पण — आल्यामुळे तो भिजत — आला. आज पहिलीतले पोरही गाळलेल्या जागा भरते, त्यामुळे यात शोध कसला असे वाटेल. पण १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसून आले की नुसते आकडे लक्षात ठेवण्यात हुशार आणि कच्च्या मुलांत फारसा फरक पडत नाही. गाळलेल्या जागांत मात्र तो स्पष्ट दिसतो. कारण तिथे आठवणीबरोबर समजही लागते, पुढचे-मागचे जुळवावे लागते आणि अनेक शब्दांतून योग्य तो निवडावा लागतो.

पुढे पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने याच्यावर ज्या मुलांना शाळेत जास्त मदतीची गरज आहे ती ओळखून काढण्याचे काम आले, तेव्हा १९०५ सालच्या त्याच्या प्रसिद्ध बुद्धिमापन चाचणीत एबिंगहाऊसची ही कसोटीही होती. ब्रेस्लाउला त्याच्याबरोबर विल्यम स्टर्न होता. स्टर्नने त्याच्याच हाताखाली डॉक्टरेट केली होती. बुद्ध्यंक ही कल्पना मांडणारा स्टर्न तो हाच.

त्याच्या कामावर टीका झाली आणि ती काही अंशी रास्त आहे. एकाच माणसावरच्या प्रयोगाने सगळ्या माणसांविषयी कसे बोलायचे? आणि निरर्थक तुकडे पाठ करणे म्हणजे काही आयुष्य नव्हे. केंब्रिजचा फ्रेडरिक बार्टलेट याने १९३२ सालच्या ग्रंथात हा मुद्दा जोरात मांडला. त्याने माणसांना गोष्टी वाचायला दिल्या आणि काही काळाने सांगायला लावल्या. माणसे गोष्ट जशीच्या तशी आठवत नाहीत, आपल्या समजुतीप्रमाणे नवी घडवतात, असे त्याला दिसले. हे खरेच आहे. दोघांचे काम वेगवेगळ्या प्रश्नांवर आहे एवढेच म्हणावे लागेल. पण एबिंगहाऊसचे आकडे एका माणसाचे म्हणून खोटे ठरले नाहीत. २०१५ साली आम्सटरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी त्याचा विस्मरणाचा प्रयोग तसाच्या तसा करून पाहिला. त्यांपैकी एकजण स्वतः तुकडे पाठ करायला बसला. मिळालेली रेघ एबिंगहाऊसच्या रेघेसारखीच निघाली. मेणबत्ती आणि गॅसच्या दिव्यांच्या काळातल्या माणसाने नुसते घड्याळ आणि वही घेऊन काढलेली ती रेघ, एकशे तीस वर्षांनी!

१९०५ मध्ये तो हाले येथील विद्यापीठात गेला. मानसशास्त्राची मूलतत्त्वे सांगणारा मोठा ग्रंथ त्याने लिहायला घेतला होता. त्याचा पहिला खंड त्याने फेक्नरच्या स्मृतीस अर्पण केला. रद्दीच्या दुकानात भेटलेल्या पुस्तकाचे ऋण तो विसरला नव्हता. १९०८ साली त्याने विषयाची तोंडओळख करून देणारे एक छोटे पुस्तक लिहिले, तेही फार लोकप्रिय झाले.

त्या मोठ्या ग्रंथात त्याने एक मजेदार हकिकत दिली आहे. तरुणपणी पाठ केलेली बायरनची ती कडवी त्याने पुढे बावीस वर्षांनी पुन्हा पाठ करायला घेतली. मधल्या काळात ती कधी वाचलेली नव्हती आणि आठवत म्हणावे तर काहीच आठवत नव्हते. तरीही नव्या कडव्यांपेक्षा या जुन्या कडव्यांना वेळ कमी लागला. जी कडवी पूर्वी एकाच दिवशी पाठ केली होती त्यांत बचत थोडी होती, आणि जी लागोपाठ चार दिवस म्हटली होती त्यांत ती जास्त होती.

ग्रंथाचा दुसरा खंड त्याच्या हातून पुरा झाला नाही. २६ फेब्रुवारी १९०९ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, हाले येथे न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. उरलेले काम एर्न्स्ट ड्युर याने पुरे केले. मुलगा युलियुस पुढे तत्त्वज्ञानाचा नामवंत प्राध्यापक झाला. स्मरणशक्तीवरचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १८८५ साली, त्याचा जन्म झाला होता.

आणि तो आठवीतला मुलगा? दाखल्याचा अर्ज त्या दिवशी माझ्या टेबलावरच राहिला, तो न्यायला अजून कोणी आलेले नाही. मुलगा आता नववीत आहे. इतिहासाच्या वहीत त्याने प्रत्येक धड्याच्या कडेला तारखा घातल्या आहेत, पहिल्यांदा कधी वाचला, मग कधी, आणि मग कधी. काही तारखा चुकल्या आहेत.